प्रेरणा, अनुकरण आणि नवनिर्मिती : भारतीय चित्रकलेतील देवाणघेवाणीचा अभ्यास

भारतीय संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापील नसून हस्तलिखित आहे. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या सुलेखनाने सजलेल्या या प्रतीच्या पानांवर आचार्य नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी चित्रे रेखाटली. प्रास्ताविकेच्या पानाचे अलंकरण जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांचे आहे. ही चित्रे लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी अनेकांचा उगम आधीच्या कलाकृतींमध्ये आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरील वृषभ, महाबलीपुरमच्या शिलाखंडावर कोरलेले गंगावतरण, नटराजाची मूर्ती अशा अनामिक कलावंतांच्या निर्मितीला विसाव्या शतकातील चित्रकाराने नव्या दस्तऐवजात स्थान दिले. जे आधीच कोणीतरी घडविले होते ते पुन्हा रेखाटले गेले, तरीही ती चित्रे नंदलाल बोस यांच्या परंपरेचीच म्हणून ओळखली जातात.

एका कलावंताची कृती दुसऱ्याच्या निर्मितीस प्रेरणा देते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु प्रेरणा कोठे संपते आणि अनुकरण कोठे सुरू होते, प्रेरणा घेणाऱ्याचे मूळ कलावंताप्रति कोणते दायित्व असते, आणि मूळ कलावंत हा एक व्यक्ती नसून संपूर्ण समाज असेल तर श्रेय व मोबदला कोणाला मिळावा, हे प्रश्न तितके सोपे नाहीत. कला, संस्कृती, कायदा आणि उपजीविका या चारही अंगांनी या विषयाचा अभ्यास करणे स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात आधुनिक भारतीय चित्रकलेतील तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नांचा परामर्श घेतला आहे.

काव्यशास्त्रातील मांडणी

पूर्वसूरींच्या कृतीवरून घेतलेल्या सामग्रीचा विचार भारतीय काव्यशास्त्राने अत्यंत सूक्ष्मतेने केला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या कृतींमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार प्रतिबिंबासारखा. आरशातील प्रतिमेला स्वतःचे अस्तित्व नसते, त्याप्रमाणे अशा कृतीत स्वतःचे असे काहीच नसते. दुसरा प्रकार चित्रासारखा. एखाद्या व्यक्तीचे चित्र तिच्याहून वेगळे असले तरी त्याचे सारे सत्त्व मूळ व्यक्तीवर अवलंबून असते. तिसरा प्रकार दोन सदृश देहधारी व्यक्तींसारखा. दोन माणसे दिसायला सारखी असू शकतात, पण प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र असतो. आनंदवर्धनाच्या मते पहिले दोन प्रकार कवीने टाळावेत, तिसरा मात्र त्याज्य नाही.

पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला. कनौजच्या प्रतिहार राजसभेत मान पावलेला हा कवी कवींच्या उसनवारीकडे काहीशा मिश्किल दृष्टीने पाहतो. आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांना समांतर अशा प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य आणि तुल्यदेहितुल्य या संज्ञा वापरून त्याने परपुरप्रवेशसदृश हा चौथा प्रकार जोडला. यात मूळ वस्तू एकच असते, पण तिची मांडणी व साजशृंगार पूर्णतः निराळा असतो. जणू एकाच जीवाने दुसऱ्या देहात प्रवेश करावा.

ही मांडणी काव्याविषयीची आहे. तथापि चित्रकलेतील देवाणघेवाण समजून घेण्यासाठीही ती उत्तम मोजपट्टी ठरते. साम्य आहे की नाही, या प्रश्नापेक्षा साम्य असूनही नव्या कृतीत स्वतंत्र प्राण आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, हे तिचे सार होय.

अजिंठा : प्रतिकृतींचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील अजिंठा लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर खोदलेली आहेत. सर्वांत प्राचीन लेणी इसवी सनपूर्व काळातील असून क्रमांक १, २, १६ व १७ या लेण्यांतील प्रसिद्ध भित्तिचित्रे पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळातील मानली जातात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि त्यानंतर त्यांची कीर्ती जगभर पसरली. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

छायाचित्रणाचे तंत्र प्रगत नसलेल्या त्या काळात ही चित्रे जगापुढे नेण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे हाताने प्रतिकृती तयार करणे. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची या कामी नियुक्ती झाली. वर्षानुवर्षांच्या परिश्रमातून साकारलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे या विद्यार्थ्यांपैकी एक प्रमुख चित्रकार होत. तेरा वर्षे चाललेल्या या उपक्रमातील अनेक प्रतिकृतीही १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरलेल्या सामग्रीच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांतील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरा प्रयत्न लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्तीने १९०९ ते १९११ या काळात केला. भगिनी निवेदिता यांच्या आग्रहावरून कलकत्त्यातील तरुण चित्रकार त्यांच्या साहाय्यास गेले. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, के. वेंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हे ते चित्रकार. हैदराबादचे सय्यद अहमद व मोहम्मद फझलुद्दीन हेही या कामात सहभागी होते.

आनंदवर्धनाच्या मोजपट्टीने पाहिल्यास या सर्व प्रतिकृती प्रतिबिंबाच्या कोटीतील ठरतात. त्यांत नवे काही करण्याचा हेतूच नव्हता. मात्र शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे होते. भिंतीसमोर तासन्‌तास बसून एकेक रेषा पुन्हा काढताना हाताला मूळ कलावंताच्या हाताची गती उमगते. केवळ रेषेच्या लवचीकतेने देहाला गोलाई कशी देता येते, गर्दीच्या दृश्यात नजर एका प्रसंगाकडून दुसऱ्याकडे कशी वळविता येते, हे पुस्तकातून शिकता येत नाही. अनुकरण हे कलाशिक्षणाचे साधन आहे, साध्य नव्हे, हा बोध या इतिहासातून मिळतो.

या इतिहासाला एक खेदजनक बाजूही आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांवर वॉर्निश लावण्यात आले. कालांतराने ते पिवळे पडून काळवंडले आणि मूळ रंगांना अपाय झाला. निजाम सरकारने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी लोरेन्झो चेक्कोनी व ओरसिनी या इटालियन तज्ज्ञांना संवर्धनासाठी पाचारण केले. प्रेरणास्थानाचा उपयोग करताना त्याचे रक्षण करण्याचे भान सुटले, तर पुढील पिढ्यांची प्रेरणाच नष्ट होते, असा इशारा यातून मिळतो.

एकच उगम, दोन दिशा

अजिंठ्याहून परतलेले नंदलाल बोस हे आधीच अवनींद्रनाथ टागोर यांचे शिष्य होते. अवनींद्रनाथांच्या कलेवरही अनेक संस्कार झाले होते. कलकत्ता कलाशाळेचे प्राचार्य ई. बी. हॅवेल यांच्यामुळे त्यांचा मुघल लघुचित्रांशी परिचय झाला, तर १९०३ मध्ये भारतात आलेल्या योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो या जपानी चित्रकारांमुळे ओल्या कागदावर रंगांचे पारदर्शक थर देण्याचे तंत्र त्यांना अवगत झाले. १९०५ च्या सुमारास साकारलेले त्यांचे ‘भारतमाता’ हे चित्र स्वदेशी चळवळीचे प्रतीक बनले. बंगाल शैली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवाहात पुढे अनेक अनुयायांनी केवळ धूसर रंग व लांबट बोटे यांचीच पुनरावृत्ती केली. काव्यशास्त्राच्या परिभाषेत ते आलेख्यप्रख्य होय.

नंदलाल मात्र या चौकटीत अडकले नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी मध्य भारतातील बाघ लेण्यांच्या चित्रांच्याही प्रतिकृती केल्या. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या शांतिनिकेतनातील कलाभवनाची धुरा सांभाळताना त्यांनी अजिंठ्याची रेषा, लोककलेचा जोम आणि भोवतालच्या निसर्गाचे निरीक्षण यांचा मेळ घातला. महात्मा गांधींच्या सूचनेवरून डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाची सजावट त्यांनी स्थानिक व सहज उपलब्ध साहित्यातून केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले सुमारे चारशे फलक प्रसिद्ध आहेत. शेतकरी, सुतार, वादक, पिंजारी असे श्रमजीवी लोक त्यांत ठळक रेषांनी व मोजक्या रंगांनी चित्रित केले आहेत. मूळ रचना नंदलाल यांच्या, तर अनेक प्रती विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या. बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील त्यांची भित्तिचित्रे ही या साधनेची पुढील पायरी होय.

या परंपरेचा प्रवाह पुढेही वाहत राहिला. बिनोदबिहारी मुखर्जी व रामकिंकर बैज हे कलाभवनाचेच विद्यार्थी. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे शिकलेल्या सत्यजित राय यांनी विद्यार्थिदशेतच अजिंठा व वेरूळ पाहिले आणि पुढे १९७२ मध्ये, दृष्टी गमावूनही निर्मिती करीत राहिलेल्या आपल्या गुरूवर, बिनोदबिहारींवर, ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. चित्रकाराची प्रेरणा चित्रपटापर्यंत पोहोचल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

अजिंठ्याच्याच भिंतींसमोर १९३६ मध्ये अमृता शेरगिल उभ्या राहिल्या. पॅरिसमध्ये शिक्षण घेतलेल्या या चित्रकर्तीवर आधुनिक फ्रेंच चित्रकलेचा संस्कार होता आणि बंगाल शैलीविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते. अजिंठा व दक्षिण भारताच्या प्रवासानंतर १९३७ मध्ये त्यांनी ‘नववधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय ग्रामस्थ’ ही तैलचित्रे रंगविली. त्यांत अजिंठ्यातील कोणत्याही आकृतीची नक्कल नाही. आकारांचे सुलभीकरण, तपकिरी-तांबूस रंगसंगती आणि आकृतींची संथ, गंभीर गुंफण एवढाच अजिंठ्याचा वारसा त्यांत जाणवतो. नंदलाल यांनी अजिंठ्याकडून रेषा घेतली, अमृता शेरगिल यांनी घनता व रंग. एकाच उगमापासून दोन स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे घडली. तुल्यदेही साम्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

कालीघाटचा पट आणि जामिनी रॉय

दुसरे उदाहरण लोककलेचे आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रामीण बंगालमधील पटुआ चित्रकार कलकत्त्यातील कालीमंदिराच्या परिसरात येऊन स्थायिक झाले. यात्रेकरूंना विकण्यासाठी ते गिरणीच्या स्वस्त कागदावर जलरंगांनी झपाट्याने चित्रे काढीत. देवदेवतांबरोबरच छानछोकी बाबू, दांभिक साधू आणि गाजलेले खटले यांवरील उपहासही त्यांत असे. पुढे यंत्रावर छापलेल्या रंगीत चित्रांचा सुळसुळाट झाला. हाताने काढलेले चित्र स्वस्ताईत छापील चित्राशी स्पर्धा करू शकले नाही आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा व्यवसाय जवळजवळ संपुष्टात आला.

बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोड येथे १८८७ मध्ये जन्मलेले जामिनी रॉय हे युरोपीय पद्धतीने व्यक्तिचित्रे रंगविणारे यशस्वी चित्रकार होते. १९२० च्या दशकात त्यांनी ती वाट सोडली आणि कालीघाटच्या पटांकडे व आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण कलेकडे ते वळले. तैलरंगांऐवजी त्यांनी माती, काजळी व वनस्पतीजन्य रंग वापरले. कॅनव्हासऐवजी कापड, लाकूड व चटई यांचा उपयोग केला. बदामी डोळे, सलग जाड बाह्यरेषा आणि सपाट रंग ही त्यांच्या चित्रांची ओळख ठरली. चित्र सामान्य माणसाच्या घरी पोहोचावे म्हणून त्यांनी किमती कमी ठेवल्या आणि पटुआंच्या कार्यशाळेप्रमाणे कुटुंबीयांच्या साहाय्याने एकाच रचनेच्या अनेक आवृत्त्या काढल्या. लोककलेचे केवळ रूपच नव्हे, तर तिची निर्मितिपद्धतीही त्यांनी आत्मसात केली. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला.

येथे एक प्रश्न मात्र विचारात घ्यावा लागतो. जामिनी रॉय यांचे नाव सर्वपरिचित झाले, पण ज्या पटुआंच्या रेषेतून ही शैली उदयास आली, त्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. त्यांच्या नष्ट झालेल्या उपजीविकेचे पुनरुज्जीवन या यशामुळे आपोआप घडले नाही. जामिनी रॉय यांच्या कलेचे मोल यामुळे उणे होत नाही. परंतु प्रेरणा घेणे आणि प्रेरणास्रोताला आधार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धोरणकर्त्यांनी ध्यानी घेणे आवश्यक आहे.

जनगढ कलम : प्रेरणेचा लाभ समाजाला

तिसरे उदाहरण या दृष्टीने आशादायक आहे. मध्य प्रदेशातील परधान हे गोंड समाजाचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते बडा देवाच्या व राजवंशांच्या कथा यजमानांच्या दारी गात असत. राजाश्रय व यजमानी क्षीण होत गेली तशी ही कलाही मागे पडू लागली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भोपाळच्या भारत भवनासाठी आदिवासी कलेचा शोध घेताना चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पथकाला पाटनगढ या गावी एका घराच्या भिंतीवरील चित्रकारी दिसली. ती जनगढ सिंह श्याम या तरुणाची होती. त्यांना भोपाळला आणण्यात आले आणि कागद, शाई व रंग उपलब्ध करून देण्यात आले.

जनगढ यांनी पूर्वजांच्या गाण्यातील देव, पशुपक्षी आणि वृक्ष प्रथमच कागदावर उतरविले. ठिपके व बारीक रेषांच्या गुंफणीने भरलेल्या त्यांच्या आकृती कोणत्याही जुन्या चित्राची प्रतिकृती नव्हत्या. गाण्याची लय चित्राच्या पृष्ठभागावर अवतरली होती. एका कलेतील सामग्रीने दुसऱ्या कलेच्या देहात प्रवेश केला, म्हणून राजशेखराचा परपुरप्रवेश येथे आठवतो. १९८९ मध्ये पॅरिसमधील एका महत्त्वाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. भोपाळच्या नव्या विधान भवनातही त्यांचे काम आहे. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्यांचा अकाली व दुःखद अंत झाला.

तोवर त्यांच्याभोवती आप्तस्वकीयांचा व गावकऱ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला होता. या शैलीस आता ‘जनगढ कलम’ असे संबोधले जाते. त्यांचे पुतणे भज्जू श्याम हे त्यांच्याच हाताखाली शिकले. लंडनमधील वास्तव्याचे अनुभव त्यांनी २००४ मध्ये ‘द लंडन जंगल बुक’ या चित्रपुस्तकात मांडले. त्यात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ आणि गावात पहाट सांगणारा कोंबडा एकरूप होतात. वसाहतकाळात इंग्रज लेखकाने भारताच्या जंगलाचे वर्णन केले होते. येथे गोंड चित्रकाराने लंडनलाच जंगल मानून त्याकडे पाहिले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भीमायन’ या पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन चित्रित केले. चौकोनी चौकटींऐवजी त्यांनी ‘डिगना’ या पारंपरिक भूमिचित्रणाच्या वळणदार रेषांनी पाने विभागली. कटू बोलांचे फुगे विंचवाच्या नांगीसारखे आणि सौम्य बोलांचे पक्ष्यासारखे काढले. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये, तर दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

या उदाहरणात प्रेरणेचा प्रवास एकेरी नाही. स्वामिनाथन यांच्या उत्तरायुष्यातील चित्रांवर आदिवासी कलेची छाप दिसते. म्हणजे ज्यांनी संधी दिली तेही समृद्ध झाले. सार्वजनिक संस्थेने कलावंताला त्याच्या नावासह पुढे आणले तर एका व्यक्तीची प्रतिभा संपूर्ण समूहासाठी उपजीविकेचे दार उघडू शकते, हे जनगढ कलमने सिद्ध केले.

कायद्याची दृष्टी

प्रेरणा व नक्कल यांतील भेद कायद्यालाही करावा लागतो. या संदर्भात पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब म्हणजे कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील फरक. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये याविषयी मार्गदर्शक निर्णय दिला. प्रांतवादावर आधारित ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांत साम्य असल्याची तक्रार होती. कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, तो केवळ त्यांच्या विशिष्ट मांडणीवर असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते काय, ही कसोटी न्यायालयाने सांगितली. आनंदवर्धनाचा विचार आणि ही कसोटी यांतील साधर्म्य अभ्यासण्याजोगे आहे.

दुसरी बाब म्हणजे हक्काची मुदत. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये साहित्य व कलाकृतींवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपुष्टात येणार होता, त्या पार्श्वभूमीवर ती वाढविण्यात आली. मुदत संपल्यावर कृती सर्वांसाठी खुली होते. म्हणजेच कायदा निर्मात्याचे हित आणि पुढील पिढीचे प्रेरणास्वातंत्र्य यांत समतोल साधतो.

तिसरी बाब म्हणजे निर्मात्याचे विशेष हक्क. कलम ५७ नुसार कृतीचे श्रेय मिळण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा निर्मात्याचा हक्क कृती विकल्यानंतरही अबाधित राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले होते. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा व पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

चौथी बाब म्हणजे समूहाचे हक्क. वर उल्लेखिलेला कायदा प्रामुख्याने ज्ञात व्यक्तीच्या निर्मितीला संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शैलीचा निर्माता एक नसतो. ही उणीव भौगोलिक निर्देशांक अधिनियम, १९९९ काही अंशी भरून काढतो. १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेल्या या कायद्याखाली मधुबनी, वारली व गोंड चित्रकलेसारख्या अनेक परंपरांची नोंदणी झाली आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. मात्र या कायद्याचे संरक्षण मुख्यतः नावाला आहे, शैलीला नाही. वारलीतील त्रिकोणी मानवाकृती यंत्राने कापडावर छापून कोणी विकल्या, पण ‘वारली चित्रकला’ हे नाव वापरले नाही, तर कारागिरांना दाद मागणे अवघड जाते. कालीघाटच्या पटुआंवर आलेले छापील चित्रांचे संकट आज वेगळ्या रूपात उभे आहे.

याशिवाय कला व पुरातन वस्तू यांच्यासंबंधीच्या १९७२ च्या कायद्यान्वये नंदलाल बोस, अवनींद्रनाथ टागोर, अमृता शेरगिल व जामिनी रॉय यांच्यासह काही चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलासंपदा मानल्या असून त्या देशाबाहेर नेण्यास निर्बंध आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९ ने आपली संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे, अनुच्छेद ४९ ने कलात्मक महत्त्वाच्या वास्तू व वस्तूंचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य मानले आहे, तर अनुच्छेद ५१क ने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. प्रेरणा ही निर्मितीतील उणीव नसून तिची स्वाभाविक अवस्था आहे. अजिंठ्याच्या प्रतिकृती करणारा हातच पुढे स्वतंत्र रेषा काढू शकला. परंतु जो केवळ बाह्य रूप उचलतो तो आलेख्याच्या पायरीवरच थांबतो, आणि जो मूळ कृतीमागील दृष्टी आत्मसात करून स्वतःच्या काळाशी व अनुभवाशी भिडतो त्याचीच कृती पुढच्या कलावंताचे प्रेरणास्थान बनते.

दुसरा निष्कर्ष दायित्वाचा आहे. प्रेरणास्थान भिंतीवरील चित्र असेल तर त्याचे संवर्धन, ज्ञात कलावंत असेल तर श्रेय व मोबदला, आणि जिवंत समूह असेल तर त्याच्या उपजीविकेत भागीदारी, अशी या दायित्वाची तीन रूपे आहेत. लोककलेवर आधारित उत्पादनांवर कलावंताचे व समूहाचे नाव नोंदविणे, रचनेसाठी पूर्वसंमती घेणे व उत्पन्नातील वाटा देणे हे उपाय कायद्यात सुधारणा होईपर्यंतही शासकीय खरेदी, प्रदर्शने व कलाशिक्षण यांतून अमलात आणता येण्याजोगे आहेत. पाटनगढच्या भिंतीवरील एका चित्राने अनेक घरांना दिलेला आधार पाहता, अशा प्रयत्नांचा लाभ कलेइतकाच ग्रामीण व आदिवासी विकासालाही होईल, यात शंका नाही.

सरावासाठी प्रश्न

१. साम्याच्या प्रकारांविषयी आनंदवर्धन व राजशेखर यांची मांडणी स्पष्ट करून तिच्या आधारे आधुनिक भारतीय चित्रकलेतील उदाहरणांचे वर्गीकरण करा.

२. अजिंठ्याच्या चित्रांचा नंदलाल बोस व अमृता शेरगिल यांच्यावरील प्रभाव तुलनात्मक दृष्टीने विशद करा.

३. ‘कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, अभिव्यक्तीवर असतो.’ न्यायालयीन निर्णयाच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.

४. भौगोलिक निर्देशांक अधिनियम, १९९९ लोककलावंतांच्या हितरक्षणास पुरेसा आहे काय? त्याच्या मर्यादा सांगून उपाय सुचवा.

५. टिपा लिहा : (अ) कालीघाट पट (आ) हरिपुरा फलक (इ) जनगढ कलम (ई) संविधानाच्या मूळ प्रतीचे अलंकरण.